छायाचित्राखालील अक्षरे

जुने छायाचित्र वाचावयाचे तर चेहऱ्यांइतकेच त्याखालील अक्षरांकडेही पाहावे, असे आम्हांस वाटते. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनींचे १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. आपापल्या देशाच्या वेषात त्यात आहेत आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी व दमास्कसच्या साबात इस्लांबूली. तिघींच्याही नावांआधी 'डॉक्टर' असे लिहिले आहे. परंतु आनंदीबाईंना पदवी मिळाली १८८६ साली, ओकामींना १८८९ साली व इस्लांबूलींना १८९० साली. तेव्हा ही अक्षरे मागाहूनची असावीत. आनंदीबाई तर २६ फेब्रुवारी १८८७ रोजीच पुण्यास निवर्तल्या होत्या. ख्रिस्ती यजमानांच्या आश्रयास राहूनही स्वधर्म न सोडलेल्या या हिंदू स्त्रीचे नाव कोणीतरी सन्मानाने जपले.

आमच्या मंडळ्यांतील जुन्या समूहचित्रांचे काय? मिशनरींची नावे त्यांखाली असतात. गावोगाव पायी फिरलेल्या बायबल वुमन मात्र पुष्कळदा निनावीच उभ्या असतात. ते चेहरे ओळखणारी वृद्ध माणसे हयात आहेत तोवर ती नावे विचारून चित्रामागे लिहून ठेवणे, हे आम्ही मंडळीचे कर्तव्य मानतो.