अंड्याचा भाव कोण ठरवतो?

अंड्याला जात नसते, असं दुकानदार म्हणतो. इतिहास तसं म्हणत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजाला लसूण, कांदा, गावातली कोंबडी वर्ज्य. जाणूनबुजून खाल्ली तर तो पतित. म्हणजे गावची कोंबडी धर्माबाहेर, आपल्यासारखीच. ते पुस्तक बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळलं. पण भावाचा प्रश्न उरलाच.

आमच्या आजीच्या डालग्याखाली चार कोंबड्या असायच्या. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार. त्यातलं लेकरांच्या तोंडी क्वचित एखादं. बाकी मीठ-मिरचीसाठी बाजारात. भाव घेणारा सांगायचा, आजी मान हलवायची. बाई एकटी, अंडी चार, काय भांडणार?

मग पिंजऱ्यातली कोंबडी आली. ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज काढली आणि पुढं पुणं या धंद्याचं मोठं ठाणं झालं. अंडी वाढली, पण भाव मोठ्या शहरांतल्या व्यापाऱ्यांच्याच हातात. खाद्याचा खर्चही निघंना. शेडवाले बुडू लागले. तेव्हा रावांनी देशभर फिरून बैठका घेतल्या, आणि १९८२ साली नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. माल आमचा, तर भाव आम्हीच सांगणार! तेव्हापासून शेकड्याचा भाव रोज जाहीर होतो. मित्रांनो, आजीला जे जमलं नाही ते संघटनेला जमलं.

आता अंड्याची वाट बघा. शेडमध्ये वेचलं, तीसच्या ट्रेमध्ये बसलं. सात ट्रेची पेटी, म्हंजे २१० अंडी. रात्री ट्रकमध्ये, पहाटे ठोक व्यापाऱ्याकडं, तिथून टेम्पोनं किराणा दुकानात. पुण्याला तेलंगण-कर्नाटकातूनही माल येतो. या सगळ्या वाटेवर हात कुणाचे? वेचणारी बाई रोजावर, पेटी उचलणारा हमाल रोजावर. अंड्याचा भाव रोज जाहीर होतो. त्या बाईच्या रोजाचा भाव कुठं जाहीर होतो? संघटना झाली ती शेडच्या मालकांची. शेडमधल्या माणसांची अजून व्हायची आहे.

आणि खाणारा? एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा बंद केला. अंडं द्यायचंच तर शाळेनं लोकवर्गणी काढावी म्हणे! ज्या वस्तीत आईबाप रोजावर, तिथं वर्गणी देणार कोण?

मनूनं खाणाऱ्याला पतित ठरवलं. आता कुणी पतित म्हणत नाही, नुसती तरतूद काढून घेतात. ताट रिकामंच.

कार्यकर्त्यांनो, वस्तीतल्या शाळेत जा. अंडं किती आठवडे मिळालं, कधी बंद झालं, वहीत लिहून आणा. शेडवाल्यांनी भावासाठी बैठका घेतल्या. आपण लेकरांच्या अंड्यासाठी घेऊ.