तीर्थन खोऱ्यातील ट्राउट : सहलीचे नियोजन

महाकालाच्या दर्शनासाठी उज्जैनला जाणाऱ्या गोमंतकीयांना तोच प्रवास हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीपर्यंत वाढवता येतो. फ्रीगंजमधील टावर चौकापासून जवळच असलेल्या रेल्वे स्थानकावरून माळवा एक्सप्रेस अंबाल्याला जाते. पुढे रस्त्याने औट व बंजारमार्गे गुशैणी गाठावी. तेथे नदीकाठी निवासाची सोय होते.

मात्र खोली राखून ठेवण्यापूर्वी माशाच्या विणीचा काळ पाहावा. इंग्रजांनी या नद्यांत सोडलेला ट्राउट थंडीत अंडी घालतो; म्हणून १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर त्याच्या मासेमारीस बंदी असते. पावसाळ्यात पाणी गढूळ होते. त्यामुळे मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर हे महिने सोयीचे. मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना आधी घ्यावा. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गरी टाकू नये.

उलटा काटा नसलेली गरी वापरावी आणि ओल्या हातांनी मासा पुन्हा पाण्यात सोडावा. मध्य प्रदेशाचा राज्यमासा असलेला महाशीर धरणे व अतिमासेमारीमुळे नर्मदेत दुर्मिळ झाला आहे. गळ टाकणाऱ्याने हे विसरू नये.