पाग आणि गरी: कोकण किनाऱ्यावरील एकट्याची मासेमारी

कोकणच्या मासेमारीचा इतिहास बहुधा होड्या, मोठी जाळी आणि त्यांचे मालक व हिस्सेदार यांच्या अंगाने लिहिला गेला आहे, कारण दफ्तरात आणि हिशेबाच्या वहीत ज्याची नोंद सहज होते ते हेच होते. याच किनाऱ्यावर खाडीच्या मुखाशी, पुळणीच्या कडेला किंवा खडपावर, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खडकाळ पट्ट्यात, एकट्याने मासे धरणारा माणूसही पिढ्यान्‌पिढ्या वावरत आला आहे. त्याची मासेमारी ही मोठ्या मासेमारीची मागासलेली आधीची पायरी नव्हती. तिच्या जोडीने चालणारी आणि ती थांबली असता घर चालवणारी ती एक स्वतंत्र व्यवस्था होती.

सामूहिक पद्धतींचे रूप भूगोलाने ठरवले. मुंबई आणि पालघरच्या किनाऱ्यावर उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत पाणी सुमारे पाच मीटरपर्यंत चढते-उतरते, आणि त्या ओढीच्या बळावर प्रवाहात रोवलेल्या खुंटांना बांधलेले पिशवीसारखे डोलजाळे बोंबील आणि जवळा धरते. दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जाताना हा फरक निम्म्यावर येतो. तेथे गाबित समाजाने रापण वाढवली, ज्यात होडीने अर्धवर्तुळात टाकलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांनी माणसे किनाऱ्यावर ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पाडले जातात. दोन्ही पद्धतींना भांडवल लागते आणि अनेकांचे श्रम एकाच वेळी लागतात.

पाग आणि गरी यांना यांपैकी काहीच लागत नाही. पाग हे शंकूच्या आकाराचे फेकजाळे असून त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात आणि शेंड्याची दोरी मनगटाला अडकवलेली असते. कंबरेला झोला देऊन ते फेकले की हवेत गोल उघडते, काठ वजनाने तळाला बसतो आणि दोरी हळूहळू ओढली की आतले मासे काठाच्या घड्यांत अडकतात. गरी म्हणजे गळाचा आकडा. त्याला कोळंबीचे आमिष लावून, वजन बांधून दोर हाताने दूर फेकला जातो. बोयांचे कळप पागाने, तर एकेकटे वावरणारे तांबोशी आणि जिताडा गरीने धरणे, ही विभागणी माशांच्या सवयींतून आली.

या कामाचे घड्याळ चंद्र होता. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ठोकळमानाने मिळते, असा हिशेब किनाऱ्यावर रूढ आहे. त्यानुसार अष्टमीला सहाच्या सुमारास भरती होते, आणि ती भांगाची, म्हणजे कमी चढाची असते. पाणी चढू लागले की बोय उथळ कडेला येते आणि ओसरताना खाडीच्या मुखातून परतते, त्यामुळे एकट्या माणसाचा दिवस सूर्यावर नव्हे, या दोन वेळांवर बेतलेला असे. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्या जात आणि नारळी पौर्णिमेला दर्या शांतवल्यावरच पुन्हा पाण्यात उतरत. त्या मधल्या काळात कालवणापुरती ताजी मासळी खाडीतल्या पागाने आणि गरीनेच मिळे.

गळाच्या मासेमारीची ग्रंथगत नोंद मात्र पोटासाठी मासे धरणाऱ्याची नव्हे, राजाची आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या, १२व्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांना द्यावयाचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत सांगितली आहे. राजाचा विनोद लिहिला गेला. तेच कसब उपजीविकेसाठी वापरणाऱ्याकडे ते तोंडी आणि हाताने हाताला शिकवले गेले.

२०व्या शतकाच्या उत्तरार्धात साधन बदलले. सुती आणि तागाची जाळी कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात वारंवार भिजवावी लागत. नायलॉन आल्यावर ते श्रम संपले आणि हलका पाग अधिक दूर जाऊ लागला. त्याच सुमारास यांत्रिक ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांचा संघर्ष पेटला. गोव्यात १९७०च्या दशकात रापणकारांनी आंदोलन केले, आणि महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. या कायद्याचा कणा नौकेची नोंदणी आणि परवाना हा असल्याने, नौकाच नसलेला माणूस त्याच्या मुख्य चौकटीबाहेर राहिला. १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास केलेली बंदी त्याच्या दृष्टीने अधिक निकटची होती, कारण सुरुंगाने आणि विषाने आधी नासते ते खाडीतले उथळ पाणीच.

म्हणून या मासेमारीचे भवितव्य होड्यांच्या संख्येवरून मोजता येत नाही. भांडवल न लागणे हे तिचे बळ होते, पण खाडी बुजली, कांदळवन तुटले किंवा कारखान्याचे सांडपाणी मुखाशी आले, तर खोल समुद्राकडे वळण्याची सोय तिला नाही. आणि जिची कोठे नोंद नाही, तिचे नुकसानही सहसा नोंदले जात नाही.