लेखनसीमेचा प्रश्न : सातारचे दप्तर आणि आजची संगणकीय पेढी

मराठी दप्तरांतील पत्राच्या अखेरीस उमटविलेल्या लहान मुद्रेकडे अभ्यासक बहुधा कागदाचा अस्सलपणा ठरविण्याचे साधन म्हणून पाहतात. तिचे याहून सूक्ष्म असे एक कार्य होते. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब आढळते. पुढे त्याच जागी ‘लेखनसीमा’ हा शब्द रूढ झाला. मजकूर येथे संपला, यापुढे जे लिहिलेले दिसेल ते आमचे नव्हे, एवढेच ती सांगते. कागद चिकटवून लांबविलेल्या सनदांच्या सांध्यांवरही शिक्का उमटवीत, कारण परक्या मजकुरास शिरकाव मिळे तो सांध्यापाशीच. ‘रुजू’सारखे शेरे कागद कोणाच्या नजरेखालून गेला याची नोंद ठेवीत. १७०८ नंतर साताऱ्यास स्थिरावलेल्या गादीच्या शब्दाची पत अशा चिन्हांवर अवलंबून होती. ही चिन्हे वादग्रस्त झाली म्हणजे काय घडते, हेही साताऱ्यानेच पाहिले. १८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींना पदच्युत केले, तेव्हा पुराव्यांत त्यांच्या मुद्रेची म्हणून दाखविलेली पत्रे होती. ती बनावट आहेत हे रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे मांडीत राहिले.

हाच प्रश्न आज सहकारी पेढ्यांपुढे निराळ्या वेषात उभा आहे. सांगली बँक १९१६ साली व साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ साली स्थापन झाली. पहिली २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत, दुसरी २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली. त्यांच्या आरंभीच्या काळातील खातेवहीत चूक वा लबाडी झाली, तर ती त्या शाखेत घडे आणि बहुधा तेथेच सापडे. आता अनेक लहान बँकांचे व्यवहार दूरच्या एकाच संस्थेने चालविलेल्या संगणकप्रणालीवर होतात. एका सांध्यातील छिद्र शेकडो बँकांचे छिद्र ठरते. (‘भेद्यता’ असा पारिभाषिक शब्द रुळत असला, तरी ‘छिद्र’ हा जुना शब्द मला अधिक नेमका वाटतो.)

२०२४ चे उदाहरण पाहावे. जेन्किन्स हे बँकेचे सॉफ्टवेअर नव्हे. सॉफ्टवेअर जुळवून, तपासून रवाना करणाऱ्यांच्या कारखान्यातील ते अवजार आहे. त्यातील आज्ञा वाचणाऱ्या भागास एक सवय होती. ई-मेलच्या पत्त्यात येणारे ‘ॲट’चे चिन्ह एखाद्या शब्दाच्या आरंभी आले, की पुढील अक्षरे तो संचिकेचे नाव समजे आणि त्या नावाच्या जागी संचिकेतील मजकूरच आणून ठेवी. सोय म्हणून केलेली ही योजना. परंतु बाहेरच्या मनुष्याने ते चिन्ह लिहिले, तर अनुज्ञा नसतानाही संचिकांच्या काही ओळी त्याच्या हाती येत. विशिष्ट परिस्थितीत गुप्त किल्ल्या मिळवून संपूर्ण यंत्राचा ताबा घेणेही शक्य होते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत, शब्दाचा केवळ उल्लेख आणि शब्दाने दिलेली आज्ञा यांतील सीमा येथे पुसली गेली होती. परक्याचा मजकूर आज्ञेच्या मजकुरात मिसळला. लेखनसीमेची मोर्तब नेमकी हेच रोखीत असे.

२४ जानेवारी २०२४ रोजी जेन्किन्सच्या कर्त्यांनी दोष जाहीर केला व त्याच दिवशी सुधारित आवृत्ती दिली. ती तत्काळ बसविणे शक्य नसेल, त्यांनी आज्ञा देण्याचा तो मार्गच बंद ठेवावा, असेही सुचविले. त्यांच्या वर्तनात उणे काढण्यासारखे काही नाही. तथापि जुलैअखेर सी-एज टेक्नॉलॉजीज या, लहान बँकांना प्रणाली पुरविणाऱ्या संस्थेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. ३१ जुलै रोजी राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला देयकजाळ्यातून अलग केले. सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांच्या खातेदारांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी संबंध पूर्ववत झाला. क्लाउडसेक या तपास करणाऱ्या संस्थेच्या विश्लेषणानुसार शिरकाव झाला तो सी-एजशी संलग्न दुसऱ्या एका पुरवठादाराकडील जेन्किन्सच्या याच छिद्रातून.

अलग करण्याचा निर्णय खातेदारांस जाचक झाला, तरी मला तो योग्यच वाटतो. विचार करावयाचा तो मधल्या सहा महिन्यांचा. औषध तयार होते, फुकट होते. पण ते शेवटच्या दारापर्यंत पोहोचले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी पुरवठादाराच्या पुरवठादारापाशी विरून गेली. जिल्ह्याच्या गावी बसलेला लेखापरीक्षक बँकेच्या वह्या तपासतो. ज्या अवजाराचे नावही बँकेने कधी ऐकलेले नाही, त्याची तपासणी तो कशी करणार? दप्तरातील कागदावर तो पाहणाऱ्याचा शेरा असे. येथे तशी कोणती ‘रुजू’ नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कोणत्या प्रणालीत कोणाचा, कोणत्या आवृत्तीचा भाग बसविला आहे, हे त्या यादीत नोंदवावयाचे असते. अशी यादी पुरवठादाराच्या कपाटात न राहता सातारा-सांगलीकडील लहान बँकेच्या संचालक मंडळापुढे आली, तर दोष जाहीर झाल्याच्या दिवशी निदान ‘हे अवजार आपल्याकडे कोठे आहे?’ एवढे तरी त्यांना विचारता येईल.