कोट्यवधींच्या स्पोर्ट्स कार रस्त्यात बंद का पडतात, पेट का घेतात?

डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडवर एक लॅम्बोर्गिनी पेटल्याचा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. अशा व्हिडिओखाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. कुणी म्हणतं, 'कोट्यवधी रुपये पाण्यात', तर कुणी म्हणतं, 'यापेक्षा आपली अल्टो बरी.'

एखाद्या व्हिडिओवरून त्या गाडीला आग का लागली, हे सांगता येत नाही. पण मूळ प्रश्न रास्त आहे. दोन-चार कोटी रुपये मोजूनही गाडी बिनचूक का नसते? गेल्या काही वर्षांत नामांकित कंपन्यांनी स्वतःच मान्य केलेल्या दोषांवरून याचं बरंचसं उत्तर मिळतं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू

गाडीची बांधणी आणि गाडीचा भरवसा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरवाजा नीट बसतो का, दोन पत्र्यांमधली फट सगळीकडे सारखी आहे का, आतली बटणं टिकतात का, हा बांधणीचा भाग. रोज सकाळी गाडी सुरू होते का आणि इंजिन लाखभर किलोमीटर चालतं का, हा भरवशाचा भाग.

एका बाबतीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारी गाडी दुसऱ्या बाबतीत नापास होऊ शकते. १९९० च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या अनेक फेरारींचं इंजिन आजही ठणठणीत आहे. पण आतल्या बटणांवरचा रबरासारखा मुलामा काही वर्षांनी वितळल्यासारखा होतो आणि बोटांना चिकटतो.

गाजलेली प्रकरणं

फेरारी ४५८ इटालिया (२०१०) : बाजारात आल्यावर थोड्याच काळात या मॉडेलच्या काही गाड्या पेटल्या. मागच्या चाकांजवळचं उष्णतेपासून संरक्षण देणारं आवरण चिकटवण्यासाठी वापरलेला गोंद याला कारणीभूत ठरला. प्रचंड तापल्यावर तो गोंदच पेट घेऊ शकत होता. कंपनीने १,२४८ गाड्या परत बोलावल्या आणि गोंदाऐवजी ते आवरण धातूच्या जोडणीने पक्कं केलं.

पोर्शे ९११ जीटी३ (२०१४) : युरोपात दोन गाड्यांना आग लागली. तपासात कळलं, की इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होत होता. सुटलेला रॉड इंजिनाचं आवरण फोडायचा, तेल बाहेर यायचं आणि पेटायचं. कंपनीने ७८५ मालकांना गाडी चालवू नका असं कळवलं आणि सगळ्या गाड्यांची इंजिनं बदलून दिली.

अ‍ॅस्टन मार्टिन (२०१४) : १७,५९० गाड्यांच्या अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा दांडा मोडण्याचा धोका होता. हा दांडा चीनमधल्या एका उपकंत्राटदाराने बनवला होता आणि त्यासाठी वापरलेलं प्लॅस्टिक बनावट निघालं. गाडी हाताने घडवलेली, पण पायाखालचा दांडा नकली मालाचा!

लॅम्बोर्गिनी अ‍ॅव्हेंटाडोर (२०१७) : सुमारे ५,९०० गाड्या परत बोलावल्या गेल्या. टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि गाडी जागेवर उभी ठेवून जोरात रेस केली, तर इंधन किंवा त्याची वाफ तापलेल्या एक्झॉस्टपर्यंत पोहोचण्याची शक्यता होती. बाहेरून बसवलेल्या एक्झॉस्टमुळे हा धोका वाढत होता. सिग्नलला उभं राहून आवाज काढण्याची हौस अशी अंगाशी येऊ शकते.

फेरारी (२०२२) : एकट्या अमेरिकेत २३,५५५ गाड्या परत बोलावल्या गेल्या. दोष होता ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणात. झाकणातून हवा नीट खेळली नाही, तर आत पोकळी निर्माण होऊन ऑइल गळू शकतं आणि ब्रेकची ताकद कमी होऊ शकते. उपाय म्हणून नवं झाकण आणि सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा देण्यात आली.

गोंद, बोल्ट, प्लॅस्टिकचा दांडा, झाकण. यातला कुठलाही भाग गाडीच्या जाहिरातीत दिसत नाही, पण गाडी अडते ती इथेच.

असं का होतं?

पहिलं कारण संख्येचं. २०२३ मध्ये फेरारीने १३,६६३ गाड्या ग्राहकांना दिल्या. त्याच वर्षी टोयोटाने एक कोटीहून अधिक गाड्या विकल्या. लाखो लोक एकच इंजिन रोज वापरतात तेव्हा त्यातला बारीकसा दोषही लवकर उघड होतो आणि पुढच्या गाड्यांमध्ये सुधारला जातो. काही हजार गाड्या, त्याही फक्त रविवारी बाहेर पडणाऱ्या, असतील तर तोच दोष कळायला कित्येक वर्षं जातात.

दुसरं कारण उष्णता. साध्या गाडीत इंजिन पुढे असतं आणि समोरून येणारी हवा त्याला थंड करते. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये ते सीटच्या मागे, अगदी कमी जागेत बसवलेलं असतं. शेजारीच तापलेला एक्झॉस्ट, तेलाच्या नळ्या आणि वायरिंग. ताशी २०० किलोमीटर वेगात हवा भरपूर मिळते, पण मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये पंखे जेवढं काम करतील तेवढंच. रबर, प्लॅस्टिक आणि गोंद या उष्णतेत लवकर जीर्ण होतात.

तिसरं कारण वजन आणि ताकद. गाडी हलकी करण्यासाठी प्रत्येक भागातून जादा धातू काढला जातो आणि इंजिनाकडून मात्र जास्तीत जास्त शक्ती घेतली जाते. रोजच्या गाडीत चूक पोटात घालायला थोडी जागा असते, इथे ती फार कमी असते.

चौथं कारण उभं राहण्याचं. महागडी गाडी महिनोन् महिने गॅरेजमध्ये झाकून ठेवली जाते. त्यामुळे बॅटरी उतरते, रबरी सील सुकतात, टायर कडक होतात. 'किलोमीटर कमी, म्हणजे गाडी उत्तम' हा समज इथे नेहमी खरा ठरत नाही.

दुरुस्ती एवढी महाग का?

फेरारी एफ३५५ चं उदाहरण घ्या. तिचा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, कारण तो तुटला तर इंजिनाची वाट लागते. पण बेल्टपर्यंत हात पोहोचावा म्हणून आख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. बेल्टची किंमत बाजूला राहते आणि बिल होतं ते मजुरीचं. २००४ मध्ये आलेल्या एफ४३० मध्ये कंपनीने बेल्टऐवजी चेन दिली.

साधारण १९९७ ते २००५ या काळातल्या पोर्शे बॉक्स्टर आणि ९११ च्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंटरमीडिएट शाफ्टची एक छोटी बेअरिंग होती. ती निकामी झाली, तर पूर्ण इंजिन बाद होण्याची वेळ यायची. अमेरिकेत मालकांनी एकत्र दावा केला आणि तो २०१३ मध्ये तडजोडीने मिटला.

मग सगळ्याच स्पोर्ट्स कार अशा असतात का?

नाही. १९९० मध्ये होंडाने एनएसएक्स आणली. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, मध्यभागी इंजिन, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड असं सगळं असूनही ती रोज ऑफिसला नेण्याजोगी होती. वेग आणि भरवसा एकत्र नांदू शकतात, हे तिने दाखवून दिलं.

ब्रिटनच्या लोटसची गंमत आणखी वेगळी. 'लॉट्स ऑफ ट्रबल, युज्वली सीरियस', म्हणजे कटकटी फार आणि त्याही गंभीर, अशी तिच्या नावाची जुनी थट्टा आहे. याच कंपनीने पुढे एलिसमध्ये टोयोटाचं इंजिन बसवलं आणि इंजिनाची काळजी बरीच कमी झाली. लॅम्बोर्गिनीही १९९८ पासून ऑडीच्या छत्राखाली आहे.

'रिकॉल' म्हणजे गाडी वाईट?

तसं नाही. दोष सापडला, कंपनीने तो मान्य केला आणि फुकट दुरुस्त करून दिला, असा त्याचा अर्थ. खरी भीती असते ती लपवलेल्या दोषाची, आणि रिकॉलचं पत्र येऊनही गाडी सर्व्हिस सेंटरला न नेणाऱ्या मालकाची.

भारतात २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले.

आपल्याला यातून काय घेता येईल?

आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात फेरारी उभी राहणार नाही. पण सेकंड हँड महागडी गाडी निम्म्या किमतीत मिळतेय म्हणून मोह होणारे बरेच असतात. अशा वेळी लक्षात ठेवा, की गाडीची किंमत खाली येते, सुट्या भागांची येत नाही.

घेण्याआधी चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये रिकॉलचं काम बाकी आहे का, ते विचारा. सर्व्हिसची सलग नोंद मागा. बाहेरून बसवलेला एक्झॉस्ट किंवा जोडलेलं वायरिंग दिसलं, तर ते ओळखीच्या जाणकार मेकॅनिकला दाखवा. आणि गाडी कोणतीही असो, अगदी अल्टोसुद्धा, पेट्रोलचा वास आला किंवा बॉनेटमधून धूर दिसला, तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि सगळ्यांना घेऊन लांब जा. व्हिडिओ नंतर.