एकांकिकांची सायंकाळ : नव्या नाटककाराची पहिली कसोटी

पूर्ण लांबीच्या नाटकाला निर्माता, नाट्यगृह आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक लागतो. एकांकिकेला तीन-चार नट, दोन खुर्च्या आणि अर्धा-पाऊण तास पुरतो. त्यामुळे मराठीतील नवा नाटककार बहुधा एकांकिकेच्या वाटेनेच रंगभूमीवर येतो.

या वाटेवर स्पर्धांचा वाटा मोठा आहे. पुण्यात १९६३ साली महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने महाविद्यालयीन लेखक-दिग्दर्शकांच्या अनेक पिढ्या घडविल्या. मात्र स्पर्धेची संहिता परीक्षकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली जाते. शेवटी धक्का देण्याचा मोह आवरत नाही आणि निकाल लागला की वही मिटते. फसलेल्या प्रवेशाचे पुनर्लेखन करण्याचे कारणच उरत नाही.

ती उणीव छोट्या, हौशी प्रयोगांनी भरून काढली. मुंबईत १९६० साली स्थापन झालेल्या ‘रंगायन’ने प्रायोगिकतेचा पाया घातला. १९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या पुढाकाराने ‘आविष्कार’ उभी राहिली. दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह १९७४ पासून तिच्या प्रयोगांचे घर झाले. व्यावसायिक सोयी नसलेल्या त्या दालनात प्रेक्षक नटांपासून हाताच्या अंतरावर बसत. पुण्यात सुदर्शन रंगमंचानेही नव्या लेखनाला असाच निवारा दिला.

अशा सायंकाळची आखणी साधी असली तरी शिस्त मागते. साधारणतः तीन एकांकिका निवडल्या जातात. तिन्हींना चालेल असे एकच तटस्थ नेपथ्य आणि एकच प्रकाशयोजना ठेवली, तर दोन प्रयोगांमधला वेळ पाच मिनिटांवर येतो. विनोदी एकांकिका मध्ये आणि सर्वांत जड विषय शेवटी, हा क्रम सोयीचा पडतो. तालमींआधी लेखकासमोर जाहीर वाचन झाले, तर कागदावर चमकदार वाटलेले पण नटाच्या तोंडी न बसणारे संवाद लगेच उघडे पडतात.

कायद्याचा भागही टाळता येत नाही. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता सादर करून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे. या पूर्वपरीक्षणाला अमोल पालेकर यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संहितेवर लेखकाचा हक्क असतो. लेखक नवखा, प्रयोग विनामूल्य, म्हणून त्याची परवानगी गृहीत धरता येत नाही. ती लेखी घ्यावी आणि मानधन अल्प असले तरी द्यावे, हे योग्य.

सायंकाळचा कस मात्र प्रयोगानंतरच्या चर्चेत लागतो. ‘छान झाले’ या शब्दांचा लेखकाला उपयोग नसतो. लक्ष कुठे उडाले, कोणते पात्र खोटे वाटले, शेवट कधी कळला, हे सांगणारा प्रेक्षक त्याला हवा असतो. सूत्रधाराने लेखकाला बचाव न करता आधी ऐकू द्यावे. नंतर त्याच संहितेचा दुसरा खर्डा काही महिन्यांत त्याच मंचावर आला, तर ती सायंकाळ सार्थकी लागली म्हणायची. असे छोटे मंच एकेक करून मिटले, तर स्पर्धेच्या निकालापलीकडे लिहिते राहण्याचे निमित्तच नव्या नाटककाराला मिळणार नाही आणि त्याची झळ उद्याच्या मोठ्या नाटकालाही बसेल.