राजमाता श्रीनगरिंद्रा : एका परिचारिकेचे चरित्र



कामगार चळवळीत उभी हयात घालविलेल्या माणसाने ह्या व्यासपीठावरून एका राजघराण्यातील स्त्रीविषयी बोलावे, ह्याचे आपणांपैकी काही जणांस नवल वाटेल. काहींस रागही येईल. माझी स्वतःची समजूत अशी की, राजा आणि प्रजा ह्यांचे नाते मालक आणि मजूर ह्यांच्या नात्याहून फारसे निराळे नसते. तरीही मी हा विषय मागून घेतला, त्याचे कारण सांगतो. आमच्या युनियनमध्ये इस्पितळांतील परिचारिका बऱ्याच आहेत. मागे एका संपाच्या वेळी फाटकापाशी बसलो असता एका सिस्टरने विचारले, "दादा, आमच्या कामातली कोणी बाई इतिहासात नाव राहील एवढी मोठी झाली आहे का?" मी फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव घेतले. ती म्हणाली, "ती श्रीमंताघरची. गरिबाघरची सांगा." मला उत्तर आले नाही. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे; पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात झाले. तेथे शोधता शोधता जे हाती लागले, ते आपणांपुढे ठेवतो.

सयाम देशाची राजधानी बँकॉक. (१९३९ पासून त्या देशास थायलंड म्हणू लागले.) बँकॉकला लागूनच नोंथाबुरी नावाचा प्रांत आहे. तेथे २१ ऑक्टोबर १९०० रोजी एका सोनाराच्या घरी मुलगी जन्मली. नाव ठेवले संगवान. जानव्यासारखी खांद्यावरून तिरपी घालावयाची जी दागिन्याची साखळी, तिला त्या भाषेत संगवान म्हणतात. सोनाराच्या लेकीला शोभेल असेच नाव! मात्र घरात सोने होते ते गिऱ्हाइकांचे. आईबाप तिच्या लहानपणीच गेले. ती जन्मली तेव्हा त्या देशात गुलामगिरी कायद्याने पुरती मोडलेली नव्हती. शेवटचा कायदा १९०५ सालचा.

गरिबाच्या मुलीला त्या काळी एक वाट असे, ती म्हणजे राजवाड्यातील एखाद्या राजकन्येच्या पदरी राहणे. संगवान तशी राजकन्या वलय अलंकरण हिच्या वाड्यात राहिली. तेथे शिवणकाम करताना सुई हातात घुसली, हाताला शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या निमित्ताने राजवैद्यांच्या घरी तिचे राहणे झाले. पुढे तिला विचारण्यात आले की, परिचारिकेचे काम शिकतेस काय? १९१३ साली, तेराव्या वर्षी, सिरिराज इस्पितळाच्या शाळेत तिचे नाव दाखल झाले. एका सुईने आयुष्याची दिशा फिरावी, हे कादंबरीत कोणी लिहिले असते तर आपण हसलो असतो.

१९१७ साली राणी सवांग वदना हिने आपल्या खर्चाने दोन मुलींना परिचर्येच्या शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविले. त्यांतली एक संगवान. पासपोर्ट काढावयाचा तर आडनाव हवे. सयाममध्ये आडनावांचा कायदाच मुळी १९१३ चा, आणि ह्या अनाथ मुलीला आडनाव नव्हते. तेव्हा दुसऱ्याच एका कुटुंबाचे आडनाव लावून काम भागविण्यात आले. आमच्याकडे आजही कारखान्याच्या हजेरीपटावर गडी एका नावाने असतो आणि गावात दुसऱ्या. म्हणून ही हकीकत मला फार ओळखीची वाटली.

राणीचा मुलगा राजपुत्र महिडोल हाही त्या वेळी अमेरिकेत शिकत होता. त्याचा बाप चुलालाँगकॉर्न राजा. हा तरुणपणी, १८७२ साली, हिंदुस्थानच्या दौऱ्यात मुंबईसही येऊन गेला होता. महिडोलचे शिक्षण जर्मनीत नौदलाचे झालेले, पण ते सोडून तो सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यक ह्यांकडे वळला होता. बॉस्टनमध्ये दोघांची गाठ पडली. ज्या घराण्यात बापाला अनेक राण्या होत्या, त्या घराण्यातील हा मुलगा एका अनाथ परिचारिकेशी लग्न करावयाचे म्हणतो, आणि आई संमती देते! १० सप्टेंबर १९२० रोजी बँकॉकमध्ये विवाह झाला. पुन्हा अमेरिकेस जाऊन त्याने हार्वर्डमधून १९२८ साली डॉक्टरी पुरी केली. संगवान बॉस्टनच्या सिमन्स कॉलेजात शिकली. तीन मुले झाली, तीही तीन देशांत : गल्याणी लंडनला, आनंद जर्मनीतील हायडेलबर्गला आणि भूमिबल अमेरिकेतील केंब्रिजला.

डॉक्टर झालेला राजपुत्र १९२९ साली उत्तरेकडील चिआंग माई येथील मिशनरी इस्पितळात साधा डॉक्टर म्हणून रुजू झाला. ते सुख काही आठवड्यांचेच ठरले. प्रकृती ढासळली, आणि २४ सप्टेंबर १९२९ रोजी तो वारला. संगवान तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. थोरली मुलगी सहा वर्षांची, धाकटा मुलगा दोन वर्षांचाही नव्हता.

पुढील काळ मी भराभर सांगतो. १९३२ साली सयाममध्ये क्रांती होऊन राजाची अनियंत्रित सत्ता संपली. १९३३ साली ही विधवा मुलांना घेऊन स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी राहावयास गेली. १९३५ साली राजाने गादी सोडली आणि ती आली नऊ वर्षांच्या आनंदकडे. ह्या बाईने मुलाला राजा म्हणून नव्हे, शाळकरी पोर म्हणून वाढविले. मुलांच्या खाऊच्या पैशांतला काही भाग गरिबांच्या पेटीत टाकावयास लावी, असे सांगतात. युद्ध संपल्यावर डिसेंबर १९४५ मध्ये सारे मायदेशी परतले. आणि ९ जून १९४६ च्या सकाळी तरुण राजा आपल्या बिछान्यात गोळी लागून मेलेला आढळला. ते गूढ आजतागायत उकललेले नाही. पण त्यापायी राजाचा एक माजी चिटणीस आणि दोन सेवक ह्यांना १९५५ साली मृत्युदंड झाला. आईचे दुःख मोठेच. तथापि त्या तीन घरांतही आया-बायका असतील, ही गोष्ट माझ्यासारख्याला विसरता येत नाही.

धाकटा भूमिबल राजा झाला. आता ही बाई वाड्यात बसून राहती तर कोणी नावे ठेवली नसती. तिने साठी ओलांडल्यावर काम सुरू केले. १९६४ च्या सुमारास ती उत्तरेच्या डोंगराळ सरहद्दीवर हिंडू लागली. रस्ता नाही, दवाखाना नाही, शाळा नाही. बाळंतीण अडली तर झोळीत घालून दिवसभर चालावे, अशी ती वस्ती. ही तेथे हेलिकॉप्टरने उतरे. म्हणून डोंगरी लोक तिला 'मे फा लुआंग' म्हणू लागले, म्हणजे आभाळातून येणारी राजमाता. १९६९ साली तिने डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका ह्यांची स्वयंसेवी पथके उभी केली. शनिवार-रविवारी शहरातले डॉक्टर आडगावी जात, पैसा घेत नसत. पुढे बिनतारी यंत्रावरून दूरच्या डॉक्टरचा सल्ला घेण्याची सोयही झाली. श्रोतेहो, बिनपगारी काम म्हटले की माझ्या कपाळाला आठी पडते, हे मी लपवीत नाही. पण पगारदार डॉक्टरने वर्षानुवर्षे ज्या दारी पाऊल टाकले नाही, तेथे तो सुटीच्या दिवशी गेला. आणि त्याला पाठविणारी बाई स्वतः वॉर्डात काम शिकलेली होती, हेही खरे.

ह्या कामाला दुसरी बाजू आहे. ती सांगितली नाही तर हे व्याख्यान म्हणजे कीर्तन होईल. सरहद्दीवर शाळा काढीत ते सरहद्दीचे पोलीस, १९५६ पासून. राजमातेने त्या शाळांना मोठा आधार दिला. पोरांना अक्षर मिळाले, पण सरकारचा हेतू तेवढाच नव्हता. डोंगरी माणूस कम्युनिस्टांकडे जाऊ नये, हाही होता. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी बँकॉकच्या थम्मसात विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, सरकारी आकड्यानेही चाळीसहून अधिक जण मेले; गोळीबार करणाऱ्यांत हेच सरहद्दीचे पोलीस होते. राजमातेला मी त्या दिवसाबद्दल जबाबदार धरीत नाही. मात्र दान कोणाच्या हातून पोहोचते, हेही पाहावे लागते. त्याच वर्षी राजघराण्याच्या अवमानाची शिक्षा वाढवून तीन ते पंधरा वर्षे करण्यात आली. जेथे शंका विचारणे हाच गुन्हा, तेथे स्तुतीचे वजन कसे करावयाचे? म्हणून मी तिच्या स्तुतीची पुस्तके बाजूस ठेवून कामाकडे पाहतो.

आणि कामाकडे पाहिले तर दोई तुंगपाशी थांबावेच लागते. दोई म्हणजे डोंगर. ब्रह्मदेशाच्या सीमेवर, चिआंग राई प्रांतात तो आहे. जंगल तोडून उजाड झालेला, अखा, लाहू, शान, चिनी असे नाना लोक, पुष्कळांना नागरिकत्वाचा कागदही नाही, पीक अफूचे. थायलंडात अफूवर बंदी आली १९५९ साली, पण बंदीने पोट भरत नाही. अफूवाल्याला पिकवू नको म्हणावयाचे, तर पिकवावयाचे काय आणि जगावयाचे कसे, हे सांगावे लागते. १९८८ साली तेथे प्रकल्प सुरू झाला, त्या वेळी राजमाता सत्त्याऐंशी वर्षांची होती. टापू सुमारे ३७ हजार एकरांचा, गावे २९, माणसे सुमारे अकरा हजार.

पहिली गोष्ट केली ती मजुरीची. ज्यांच्या कुऱ्हाडीने जंगल गेले, त्यांनाच झाडे लावण्याचा रोज दिला. कोणाला हुसकून लावले नाही. मग कॉफी आणि मॅकाडेमियाच्या बागा आल्या. त्यासाठी १९८९ साली जी कंपनी काढली तिचे नाव नवुति; हा पाली शब्द, अर्थ नव्वद, राजमातेच्या नव्वदीनिमित्त. आपल्या 'नव्वद'चाच तो भाऊबंद! व्यसनी माणसांना हजार दिवस ठेवून घेऊन बरे करण्याचा उपक्रम झाला. हातमाग, कागद, चिनी मातीची भांडी ह्यांचे कारखाने निघाले आणि त्यांत बायकांना पगारी काम मिळाले. पुढे कॉफीची झाडे गावकऱ्यांकडे सोपविली. जमीन मात्र सरकारी वनखात्याचीच राहिली. झाड कष्टकऱ्याचे आणि जमीन सरकारची, ही तडजोड मला अपुरी वाटते; पण अफूच्या सावकाराकडून मिळे त्याहून ही कितीतरी बरी. तेथे तिने राहण्यासाठी घर बांधले, त्याला आतून माल बांधून आलेल्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या लावल्या आहेत.

तरीसुद्धा डॉक्टर शनिवारी येतो, हा उपकार. तो रोज असलाच पाहिजे, हा हक्क. थायलंडात तो हक्क २००२ साली आला. त्या वर्षीच्या कायद्याने ज्यांना दुसरे कोणतेही आरोग्यसंरक्षण नव्हते अशा सर्वांसाठी ३० बाहतांत उपचाराची सोय झाली. त्याआधी नागरी संघटनांनी पन्नास हजारांवर सह्या गोळा केल्या होत्या, आणि त्यांच्या पाठीशी खेड्यांत काम केलेले डॉक्टर होते. सह्या गोळा करण्याचे काम किती कंटाळवाणे असते, ते मला माहीत आहे. हेलिकॉप्टरचा फोटो निघतो, सह्यांच्या गठ्ठ्याचा निघत नाही.

राजमाता १८ जुलै १९९५ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारली. वारली ती सिरिराज इस्पितळात, जेथे तेराव्या वर्षी ती काम शिकू लागली होती. तिचा जन्मदिवस, २१ ऑक्टोबर, तेथे परिचारिका दिन म्हणून पाळतात.

हे सारे मी त्या सिस्टरला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, त्यांच्याकडे कंत्राटी नर्सेस असतात का?" असतात. २०१२ साली त्यांनी कायम नेमणुकीसाठी आंदोलन केले, आणि सरकारला टप्प्याटप्प्याने कायम जागा देण्याचे मान्य करावे लागले. तिने ते साल एका चिठ्ठीवर लिहून घेतले.